स्वतःच्या चाकांवर

३ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

अडला हरी, म्हणून तुमचे पाय धरते. म्हणीचा उरलेला भाग तुम्हाला लागू नाही. घरोघरी जाऊन मलमपट्टी करणारी नर्स मी. पुढच्या महिन्यापासून स्वतःची गाडी नसेल तर काम नाही, असं दवाखान्याने कळवलंय. बॅटरीची गाडी मला परवडते ती कर माफ झाला तरच, आणि माफी या महिनाअखेरपर्यंत आहे. त्यासाठी घरातली पेट्रोलची गाडी मोडीत द्यायची. म्हणजे बाबांची, तुमच्या गॅरेजात उभी असलेली.

तीही ओढून नेलेली चालत नाही, भंगार-केंद्रात स्वतःच्या चाकांवर यायला हवी. मी तिथल्या साहेबांशी भांडले. ते म्हणाले, बंद गाडी धूर सोडत नाही, मग ती मोडल्याबद्दल सवलत कशाची? बाबा गेल्यापासून ती सुरू झालेली नाही, म्हणून तुम्हालाच सांगावं लागतंय. फार वाईट वाटतं.

रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.

तुमची चिमणी

१४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

साहेबांचं बरोबर आहे, म्हणूनच जास्त राग येतो. चुकणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. सवलत निघाल्यापासून माझी सगळी गिऱ्हाइकं हेच सांगतात, केंद्रापर्यंत पोचेल एवढी करा.

दादाची गाडी करतो. तुझं काम बुडायला नको. काकू म्हणते, मी जेवायलाही गाडीखालून बाहेर येत नाही. तिची माया तुझ्यावर आहेच, माझ्यावर जरा कमी झालीय.

तुझा काका

२९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

काम झालं. माफीचा दाखला सोबत आहे.

चूक माझीच. पोचेल एवढीच करायची होती, पण दादाच्या गाडीत अर्धवट काम करायला हात तयार होईनात. व्हॉल्व्ह घासले, टायमिंग लावलं. दादाची सीट पुढे ओढल्याशिवाय माझा पाय ब्रेकला पोचेना, ते मात्र जड गेलं. गाडी इतकी छान चालली की लांबच्या रस्त्याने नेली.

तिथे इंजिनातलं तेल काढतात, आत घट्ट होणारं रसायन ओततात आणि जाम होईपर्यंत इंजिन फिरवतात. आधीच्या गाड्या पटापट थांबल्या. आपली थांबेना. तिथल्या माणसाने विचारलं, हिचं काम कोणी केलंय? मी सांगितलं नाही. मग तो म्हणाला, काका, आत बसून ॲक्सिलरेटर दाबून धरा, म्हणजे लवकर आटपेल. मी दाबून धरला.

नवी गाडी जपून चालव. माया आहे तशी राहू दे. इकडे मात्र, निदान या खेपेला, बसने ये.

तुझा काका