आयएसओ ६४०० आणि सरुबाईचं गोंदण

१६ फेब्रुवारी
आधी सगळ्यांच्या तब्येती. केदारचा पुण्याहून फोन – खोकला गेला. सूनबाईंची पाठ अजून धरते. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. शैलजा भिंतीवर, हसतमुख. जाऊन दोन वर्षं झाली, तिला आता काही दुखत नाही.

उद्या खेरडीला लग्न. सरुबाई तिथली धवलेरी – वारल्यांचं लग्न तीच गाऊन लावते. शैलजा खेरडीच्या शाळेत शिकवायची तेव्हा ही तिथं खिचडी रांधायची. दोघींचं गूळपीठ! तिची नात दुर्गा म्हणाली, "काका, आजीचा एक चांगला फोटो काढा ना. घरात आधारकार्डावरचाच आहे. तो बघून पोरं घाबरतात."

१७ फेब्रुवारी
कुडाच्या घरात अंधार. एक दिवा आणि चुलीचा उजेड. सरुबाईनं आधीच दम दिला, "ती वीज नको मारू हां दादा, गाणं चुकंल माझं." फ्लॅश बंद. मग काय, आयएसओ थेट ६४००! हा आकडा चढवला की कॅमेरा अंधारातही बघतो. पण फुकट नाही बघत – फोटोभर कण उठतात. भाकरीत कच लागावी तसे.

१८ फेब्रुवारी
संगणकावर बघितलं. सरुबाईच्या तोंडावर रवा सांडल्यासारखा! कण काढायची पट्टी असते, ती शेवटपर्यंत ओढली. चेहरा कसा लोण्यासारखा झाला. मोबाइलवरचे हिंदी व्हिडिओ बघून शिकलो हे, कुणाची शिकवणी नाही.

शैलजाचा भिंतीवरचा फोटो असाच केलेला. तिची शेवटची दिवाळी, लाइट गेलेली, ती पणत्यांपुढं बसलेली. आयएसओ १२८००. काढला तसाच त्या रात्री केदारला पाठवला होता, मग साफ केला आणि मूळचा पुसून टाकला. तांदूळ निवडल्यावर खडे कोण जपून ठेवतं?

२० फेब्रुवारी
प्रिंट आली. दुर्गा नरोलीला कंपनीत जाताना घेऊन गेली.

२३ फेब्रुवारी
दुर्गा फोटो परत घेऊन आली. दारातच म्हणाली, "काका, आजी विचारते, ही कुणाची बाय?"

चष्मा लावून नीट बघितलं. कपाळावरचं गोंदण नाही. हनुवटीवरचे तीन ठिपके नाहीत. कणांबरोबर तेही गेले! यंत्राला काय, कण काय नि ठिपका काय.

"फार रागावली का गं?"

"जेवली नाही सकाळी. म्हणते, मेल्यावर सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगत येतं. तेच दादानं काढून घेतलं."

स्वतःचे कान उपटावेसे वाटले. नशीब, कॅमेऱ्याचं कार्ड अजून रिकामं केलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी
पुन्हा बसलो. जरा उजळला, बस. त्या पट्टीला बोटसुद्धा लावलं नाही. कण आहेत. ठिपकेही आहेत – मोजले.

२ मार्च
सरुबाई स्वतः आली, दुर्गाचा हात धरून. नवा फोटो आधी लांबून बघितला, मग नाकाशी धरून. एक बोट स्वतःच्या हनुवटीवर, दुसरं फोटोतल्या. मग म्हणाली, "हां. ही मी."

मी म्हटलं, "कण दिसतात गं थोडे."

"चुलीपुढं बसल्यावर राख उडणारच! तू कधी बसलास?"

दुर्गा हसली, मीही हसलो. चहा केला. कप हातात घेऊन म्हातारी भिंतीपाशी गेली. शैलजापुढं उभी राहिली, बराच वेळ. चहावर साय धरली.

"दादा, आमच्या बाईंचा तीळ कुठंय?"

ओठाच्या वर, डावीकडं. बारीक तीळ.

दुर्गा म्हणाली, "आजी, चल आता."

३ मार्च
दोन वर्षं रोज सकाळी त्या फोटोचा हार बदलतोय मी. मला दिसलं नाही!

केदारला लिहिलं – आईचा पणत्यांचा फोटो त्या दिवाळीच्या रात्री तुला पाठवला होता, कण असलेला. अजून असेल तर तसाच पाठव. साफ करू नकोस. आणि असो, नसो, लगेच कळव बाळा.