बभ्रूचे सीमोल्लंघन

३१ ऑगस्ट २०१६, बुधवार

आज बभ्रू मारुतीच्या देवळापर्यंतही आला नाही. नाल्यावरच्या पुलाच्या अलीकडच्या टोकासच बसला. त्याच्या सोबतीसाठी मलाही कठड्यावर बसावे लागले. गेले काही महिने असेच चालले आहे. चालण्याची उमेद माझी, अडथळा त्याचा.

चिरंजीव हैदराबादेत फ्लॅटमध्ये राहावयास गेले आणि हा लॅब्राडोर आमच्या पदरात टाकून गेले. त्यांनी ठेवलेले नाव ब्रूनो. मी पहिल्याच दिवशी त्याचे बभ्रू केले. शुद्ध, आर्ष, शिवाय त्याच्या पिंगट रंगास साजेसे. दत्तमहाराजांच्या चरणांशी ज्यांचे पूर्वज बसतात त्यांस विलायती नाव शोभत नाही. या नावास त्याने अद्याप ओ दिलेली नाही. श्रवणदोष असावा.

दुपारी गावातल्या गोपाळरावांची मुलगी पद्मजा आली. जनावरांची डॉक्टर आहे. आदिलाबादेत काढलेला एक्स-रे तिने खिडकीच्या उजेडात धरला. मागच्या सांध्यांचा संधिवात. पुरता बरा होत नाही, आटोक्यात राहतो. वजन उतरवावे, सपाट वाटेवर थोडे थोडे चालवावे, गुळगुळीत टाइल्सवर सतरंज्या टाकाव्यात, गोळी जेवणासोबत द्यावी. वजन उतरले नाही तर मागचे पाय एक दिवस उठायचेच बंद होतील, असे ती म्हणाली. आमची सौ. वनमाला आत गेली. बऱ्याच वेळाने डोळे पुसून बाहेर आली.

मी पद्मजेस समजावले की संधिवाताचे मूळ वात, वातावर उपाय स्नेह आणि स्नेह म्हणजे तूप. मुलीने ऐकून घेतले. संस्कार चांगले आहेत. माझ्याजवळच्या दुखण्याच्या गोळीतील अर्धी त्यास द्यावी काय, असे विचारताच मात्र तिचा आवाज चढला. माणसाची गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण करते, किडनी निकामी करते, चुकूनही देऊ नये. मग माझ्या पायांकडे पाहत म्हणाली, "पण काका, तुमी ह्या गोळ्या काऊन घेता?"

घरात पडून वाया जाऊ नयेत म्हणून घेतो, असे सांगितले.

संकल्प: दसऱ्यास प्रतिवर्षाप्रमाणे नाल्यापलीकडच्या शमीपर्यंत, सर्वांच्या अग्रभागी, मी आणि बभ्रू. पायी. गावाची सीमा कशी ओलांडावी हे निवृत्त गिरदावरास कोणी शिकवू नये. आमची हयात सरहद्दी मोजण्यात गेली.

१ सप्टेंबर, पोळा

काल सायंकाळी गावभर बैलांची खांदशेकणी झाली. ऊन पाणी, हळद, तूप. बैलाचा खांदा आणि श्वानाची कंबर यांत तत्त्वतः भेद नाही. बभ्रूचीही शेकणी केली. ज्यास कंबर वळवणे अशक्य असे निदान आहे, त्याने मान पार मागे नेऊन तूप शेवटच्या थेंबापर्यंत चाटले. म्हणजे उपाय लागू पडला.

खाली बसून शेकल्यामुळे मला उठताना खांबाचा आधार घ्यावा लागला. खांब गुळगुळीत आहे.

७ सप्टेंबर

वर्तमानपत्रात पुन्हा तेच. दसऱ्याच्या मुहूर्तावर आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे होणार. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे वेगाने धावेल म्हणतात. बभ्रूचे चार पायही सध्या स्वतंत्र आहेत. धावत एकही नाही.

बासरची सरस्वती निर्मल जिल्ह्यात जाणार. यापुढे विद्या परजिल्ह्यातून आणावी लागेल.

आजही पुलावरूनच परत. शेजारचे मारोतराव कापसाच्या रानातून येत होते. म्हणाले, "काका, तुमी कुत्र्याले फिरवून राह्यले का कुत्रं तुमाले?" शेतकरी मनुष्य. चालायचेच.

१३ सप्टेंबर, एकादशी

पद्मजेचा वजनाचा आग्रह मान्य करून बभ्रूस आजपासून एकादशी लावली. धर्म आणि वैद्यक एकत्र साधले. साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली त्याने. शेंगदाण्याचे कूट माझ्या ताटातलेही. गोळी वनमाला भाकरीच्या घासात लपवून देते. उपवासास भाकरी चालत नाही असे मी म्हणालो. ती म्हणाली, मग ब्रूनोचा उपवास तुमीच धरा, त्याले राहू द्या.

२२ सप्टेंबर

पितृपक्ष. मोठा पेच.

आमच्या आळीत कावळे पुष्कळ, पण भरवशाचे श्वान एकच. प्रत्येक घरी श्राद्धाचे श्वानाचे पान वाढले जाते, आणि त्यासाठी बोलावणे बभ्रूस येते. खीर, वडे, भात, वर तूप. आज दोन घरे. पद्मजेचे पथ्य पाळावे तर लोकांचे पितर उपाशी जातात. तिला फोनवर शास्त्र सांगितले. ती म्हणाली, "काका, पितर एक घास घेतात. ब्रूनो ताट घेते."

यजमानांचा मान राखण्यासाठी मीही प्रत्येक घरी पानावर बसलो. पाटावरून उठताना दोघा जणांनी हात दिला. वयाचा आदर अजून शिल्लक आहे.

३० सप्टेंबर, सर्वपित्री

पद्मजा बभ्रूस गाडीत घालून इचोड्यास घेऊन गेली. तिथल्या कापूसव्यापाऱ्याच्या काट्यावर वजन केले. वाढले. ओसरीवर उतरला तेव्हा मागचे पाय टाइल्सवर पसरले आणि उठेचनात. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मला ते पाहणे आवडले नाही.

पद्मजेने पोटाखालून पंचा घेतला, दोन्ही टोके वर धरली आणि त्यास अलगद उभे केले. वनमालेसही शिकवले. मग वनमाला माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तूप बंद. तुमचं शास्त्रबी बंद. दसरा गेला उडत, हे जनावर उभं राह्यलं पायजे." इतक्या वर्षांत प्रथमच. नोंद केवळ सत्यासाठी.

५ ऑक्टोबर

घरभर जुन्या सतरंज्या. सकाळ-संध्याकाळ बभ्रूस मारोतराव फिरवतात. मला नवरात्रातील पाठांमुळे सवड नाही. पाठ खुर्चीवर बसून करतो. मांडी घालण्याचा आग्रह देवीचा नसतो.

९ ऑक्टोबर

बभ्रू आपल्या पायांनी देवळापर्यंत जाऊन आला. परतताना शेपटी हलत होती. वनमाला गोळीचे आणि पथ्याचे गुण गाते. पाठ कोणी केले, हे कोणी विचारत नाही. परवा अग्रभागी आम्ही दोघे, हे निश्चित.

११ ऑक्टोबर, दसरा, सकाळी

आज चार जिल्हे झाले. रेशमी उपरणे पेटीतून काढले. काठी घेतली नाही. काठी पाहून बभ्रूचा धीर खचेल.

सायंकाळी

पुलापर्यंत अग्रभागी होतो. तेथे बभ्रूस विसावा द्यावा म्हणून कठड्यावर बसलो. त्यास विसावा नको होता. दोरी ओढू लागला, म्हणून सोडली. लोक थांबले. त्यांस पुढे व्हावयास मीच सांगितले. मारोतराव, वनमाला, पद्मजा, सारे गेले. वाजंत्री नाल्यापलीकडे उतरली.

उठावयास गेलो. उठता येईना. पुन्हा प्रयत्न केला. कठडा बुटका आहे, हे कारण लिहिणार होतो. पण त्याच कठड्यावर मी सारा उन्हाळा, सारा पावसाळा बसत आलो आहे.

बभ्रू, अशी हाक मारली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तो शमीच्या दिशेने चालला होता. वळला नाही. आसपास कोणी नाही हे पाहून घेतले.

"ब्रूनो," म्हणालो. हळूच म्हणालो.

तो आला. धावत आला. त्याच्या मागे माणसेही आली. पद्मजेने माझ्या खांद्यावरचे उपरणे काढून माझ्या पाठीमागून काखांखाली घातले आणि म्हणाली, "काकू, ते टोक धरा. ब्रूनोले उचलतो ना, तसंच."

उचलले. सीमेच्या अलीकडे, सर्व गावादेखत.

शमी मी पाहिली नाही. मारोतराव ब्रूनोस तेथवर नेऊन तिची पाने त्याच्या पट्ट्यात खोवून घेऊन आले. लहानांनी थोरांस सोने द्यावे असा रिवाज आहे. घरी मी वाकू शकलो नाही, म्हणून त्याने पुढचे पाय माझ्या खुर्चीवर ठेवले. सोने घेतले.

१२ ऑक्टोबर

माझ्या खोलीत सतरंजी. तूप बंद. गोळी नव्या, माणसांच्या डॉक्टरांची.

उद्यापासून सकाळी ब्रूनो मला फिरवील. पुलाच्या अलीकडून परत.