ऊठ आणि ऊट

मी, कृष्णवेणीबाई, कै. दत्तोजीराव टेलर यांची पत्नी, राहणार नजरबाद, म्हैसूर, आपल्या खुशीने व पूर्ण शुद्धीत ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मुलाला शंका आल्यास त्याने शेजारच्या कृष्णमूर्तींना विचारावे. कालच मी त्यांना कवड्यांच्या चौकाबाऱ्याच्या डावात हरवले आहे.

१. शिलाईचे मशीन माझ्यासोबत शिवणकाम करणाऱ्या शांताक्कांना द्यावे. त्या मागणार नाहीत, म्हणून लिहिते. यजमानांची मोठी कात्रीही द्यावी. त्या कात्रीने कोणी कागद कापू नये.

२. बजे, म्हणजे वेखंड, उगाळायची सहाण मुलगा बिंदुमाधव याला. तो हुशार व्हावा म्हणून मी त्याला मधातून बजे चाटवीत असे. त्याची मुलगी तुंगा दहा वर्षांची आहे. तिला काही आजार नाही. तरी अभ्यासात लक्ष लागावे म्हणून तो तिला ओळखीतून मिळवलेली गोळी देतो. मी हरकत घेतली, तर म्हणाला, "अम्मा, तू मला बजे चाटवायचीस, ते काय मग? हेबी तसंच की!" त्यानंतर तो तुंगेला घेऊन हेब्बाळला, आपल्या कंपनीजवळ राहायला गेला. उत्तर मला उशिरा सुचले. बाळा, तू तोंड वाकडे करून थुंकायचास आणि मी थांबायचे. तुंगा थुंकत नाही. पहिला नंबर हवा म्हणून गुपचूप गिळते.

३. राहते घर तुंगेला. पहिली येवो वा नापास होवो, घर तिचेच. अट एकही नाही. तिला अटी घालणारे पुष्कळ आहेत.

४. सकाळी मी "ऊठ" म्हणायचे आणि पांघरुणातून तुंगा विचारायची, "ऊट? काय केलीस आज्जी ऊटाला?" कानडीत ऊट म्हणजे जेवण. रोज तोच विनोद आणि रोज आम्ही दोघी हसायचो. गोळीने तिची भूक गेली. मागच्या सुट्टीत मी "ऊठ" म्हटले, तर ती उठली, अंथरुणाची घडी केली आणि पुस्तक घेऊन बसली. नाश्त्याचे उप्पिट्टू गार झाले. आता उठवायलाही घरात कोणी नाही. फार एकटे वाटते. हे लिहायला मला लाज नाही.

५. मी गेल्यावर, परीक्षा असली तरी तुंगेला आणावे. त्या दिवशी गोळी देऊ नये. मला नेण्याआधी तिने माझ्या कानाशी एकदा "आज्जी, ऊठ" म्हणावे. मी उठणार नाही. पण तो शब्द उच्चारून तिला भूक लागली, तर आधी तिला वाढावे. मढे घरात असताना चूल पेटवीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पेटवावी. मी थांबेन.

वाचून पाहिले, बरोबर आहे. खाली माझी सही.

कृष्णवेणीबाई

माझ्यासमोर सही करणारे साक्षीदार:
कृष्णमूर्ती, शेजारी
वेंकटरमण, यजमानांचे मित्र, हुणसूर

म्हैसूर, ९ जून २०१८