करंजाखालची एकतिसावी

९ फेब्रुवारी १९७७

—आणि करंजाच्या फांदीची चौथी झोळी सुटेना. लुगड्याची गाठ ओली. सखू ती दातांनी ओढत होती. "बाई, जीप फाटकात हाय!" मी खालून बाळ धरलं. कामावरच्या बायकांची चारही पोरं माझ्या ऑफिसात, कपाटामागे, गोणपाटावर. दार लावलं.

फॅक्टरी इन्स्पेक्टर आत आले. रजिस्टरं मागितली. कपाटामागून एक रडलं.

"कुणाचं?"

"माझं," मी म्हणाले.

दुसरं रडलं.

"हे?"

"जुळी आहेत."

ते हसले नाहीत. सही केली. "पुढच्या वेळी आवार बघेन," म्हणाले, आणि गेले. बाहेर बायका बाटल्यांना लेबलं लावत तोंडात पदर कोंबून हसत होत्या. जुळ्यांची आई! माझा एकुलता मिलिंद पाच वर्षांचा, या वेळी वाशीला बालवाडीत.

१० फेब्रुवारी

पोरं का लपवायची, ते लिहून ठेवते.

विलासभावजी — माझ्या नवऱ्याचे, नंदकिशोरचे, धाकटे भाऊ, मुंबईत मालकांना कामगार-कायद्याचा सल्ला देतात — गेल्या महिन्यात नवी दुरुस्ती घेऊन आले होते. "वहिनी, पूर्वी पन्नासच्या वर बायका असल्या तर पाळणाघर लागायचं. आता तीसच्या वर. तुमच्या मस्टरवर किती?"

"तीस."

"मग झालं तर! एकतिसावी घेऊ नका."

नंदकिशोर खूश. पाळणाघर म्हणजे वेगळी खोली, शिकलेली बाई, दूध. आमचा कारखाना केवढा! दुसऱ्यांची औषधं बाटल्यांत भरून देणारा.

भावजी खिडकीपाशी गेले. "झाडाखाली ती म्हातारी कोण?"

"गोजरा."

"मस्टरवर आहे?"

"नाही. ती असते."

"असते म्हणजे काय, वहिनी?" त्यांनी कायद्याचं पान उघडलं. कामगाराची नवी व्याख्या. मोबदला मिळो वा न मिळो, मालकाला ठाऊक असो वा नसो — तरी कामगार. "हीच तुमची एकतिसावी. होळीच्या आत तिचं इथलं बसणं बंद करा. आणि झोळ्या दिसता कामा नयेत."

ते वाक्य मी पुन्हा वाचलं. मालकाला ठाऊक असो वा नसो. एम.ए.ला इतकं वाचलं, पण इतकं नेमकं वाक्य कायद्यात भेटेल असं वाटलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी

गोजराला सांगायचं मी, असं ठरलंय. "तुझं ऐकेल ती," नंदकिशोर म्हणाला.

सांगायला गेले आणि शेजारी बसून राहिले. करंज पान टाकतोय. वरून सारखी गळ. तरी सकाळी आम्ही येतो तेव्हा खाली एक पान नसतं. खाडीचा वारा नेत असेल.

एकाहत्तर साल आठवत होते. वाशीचा पूल व्हायचा होता. ठाण्यावरून फिरून यायचो. चारी बाजूंना भाताची खाचरं, पलीकडे मिठाचे ढीग, दुपारी त्यांच्याकडे बघवत नसे. जमीन सरकारने घेतलेली, आम्हाला प्लॉट मिळालेला. हा करंज गोजराच्या खाचराच्या बांधावरचा. कंपाउंडची भिंत बांधत होते तेव्हा ती त्याच्याखाली बसलेली. ऊठ, असं कोणी म्हटलं नाही. भिंत पुरी झाली. ती आत राहिली.

मिलिंद तीन महिन्यांचा असताना मी त्याला घेऊन ऑफिसात बसू लागले. पहिल्या दिवशी रडून लाल झाला. ती दारात आली. "दे गो इकरं. तू तुजं लिव." घरून जुनं लुगडं आणलं, फांदीला बांधलं. ती पहिली झोळी. मग बायकाही पोरं आणू लागल्या.

यंत्र थांबलं की मिलिंद जागा व्हायचा. अजूनही घरात फार शांत झालं की उठून बसतो.

काय दिवस होते! पत्रं टाइप करता करता मान वर केली की झोळी हलताना दिसायची.

१७ फेब्रुवारी

आज विचारलं. "आजी, पोरं गावातच सांभाळलीस तर?"

"आन् झार? त्याला कोन नेल?" तिने वर करंजाकडे हात केला.

बायका हसल्या. काशी मात्र हसली नाही. "बाई, आजीला काढतान का काय?"

"छे!" मी म्हणाले.

घरी नंदकिशोरने विचारलं, "सांगितलंस?"

"उद्या."

१८ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

२२ फेब्रुवारी

इन्स्पेक्टर न कळवता आले, थेट करंजाखाली. झोळ्या सोडायलाही वेळ मिळाला नाही.

"आजी, तुम्ही इथं काय करता?"

"कय नाय. पोरा बगतंय."

"पगार किती?"

"बसाचा कंचा पगार रं!" बायका खोखो हसल्या.

ते नंदकिशोरकडे वळले. तो म्हणाला, "बाहेरची आहे. पाणी प्यायला येते."

गोजराने झोळीला झोका दिला. त्याच फांदीच्या झोळीत मिलिंद झोपायचा — आणि बाहेरची! मला राहवलं नाही.

"साहेब, ही आमच्याकडे कामाला आहे. मोबदला देत नाही. पण आम्हाला ठाऊक होतं. एकतिसावी धरा."

त्यांनी लिहून घेतलं. पाळणाघर बांधावं लागणार. नंदकिशोर संध्याकाळी फक्त म्हणाला, "विलासला तूच सांग."

मला मात्र हलकं वाटत होतं. निघताना गोजराकडे गेले. "आजी, आता पगार मिळेल तुला. मस्टरवर नाव लागेल."

ती झोळीची गाठ सोडत होती. हात थांबला. "माजा नाव?" एवढंच म्हणाली. दमली असेल.

२३ फेब्रुवारी

सकाळी तीसजणी आल्या. कडेवर कोणी नाही. सखू माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरा गावान हाईत, आजीकरं. शेट बाहेरची बोलला त्याचा तिला राग नाय. पन ती बोलते, माज्या बांदावर मी कामाला? बाईंनी असा कसा सांगला?"

करंजाखाली पानांचा थर, ऑफिसच्या पायरीपर्यंत. वारा कालच्याइतकाच होता. खोडाला एक खराटा टेकवलेला, झिजून वीतभर उरलेला. तो तिथे असतो, हे मला ठाऊक नव्हतं.