साध्या ठिणग्यांचं पोलाद

प्रिय कादिरभाई,

आज सकाळी आपलं खेळण्यातलं वाफेचं इंजिन चाललं. हे तुम्हाला सोडून कुणाला सांगू? म्हणून हे पत्र.

तुम्हाला जाऊन सात महिने झाले. कामतघरच्या भंगारातून आणून तुम्ही जुळवलेला तो लोखंड कातायचा छोटा लेथ अजून माझ्या पडवीतच आहे. जन्मभर कापडाचे लूम दुरुस्त करत आलात आणि म्हातारपणी एका निवृत्त मराठीच्या मास्तराला खेळणी कातायला शिकवलीत. काय सुचलं होतं तुम्हाला?

कातायचा प्रत्येक पोलादी दांडा तुम्ही आधी ग्राइंडरला टेकवायचात. ठिणग्या सरळ, लांब गेल्या तर पोलाद मऊ, आपल्या कामाचं. टोकाला फुलं फुटली तर कडक, आपल्या लेथला न झेपणारं. मी मात्र दर वेळी फुलांचाच दांडा उचलायचो. वर्षानुवर्षं कविता शिकवलेला माणूस, दुसरं काय निवडणार?

"मास्तर, शोभा बघायला आलाव की शाफ्ट करायला?" म्हणत तुम्ही तो काढून घ्यायचात.

मग तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि इंजिनाचा शाफ्ट, चाक पेलणारा तो दांडा, कातायचं काम माझ्यावर आलं. मी पुन्हा फुलंच निवडली. दोन हत्यारांची टोकं उडाली, दांड्यावर नुसते ओरखडे. तुमच्या उशाशी आलो तर तुम्ही विचारलंत, शाफ्ट इंजिनात फिरला का? तुमचा चेहरा बघून मी हो म्हणालो.

"आवाज कसा येतो?"

मी रंगवून सांगितलं, पहाटेच्या रहाटासारखा, गोड कुरकुरतो. तुम्ही जरा वेळ माझ्याकडे बघत राहिलात.

"बरा हाय मग," म्हणालात, आणि झुबेदाभाभींना मला चहा द्यायला सांगितलंत. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

या आठवड्यात साध्या ठिणग्यांचा दांडा शोधला. लोडशेडिंग नसेल तेवढ्या वेळात पातळ पातळ काप घेतले, तेल सोडत राहिलो. आज वाफ धरली, चाक फिरलं. आणि कादिरभाई, शाफ्टचा आवाजच येत नाही हो! नीट कातलेला शाफ्ट कुरकुरत नाही, हे तुम्हाला त्या दिवशीच ठाऊक होतं ना? मग मला पकडलंत का नाही? एकदा रागावला असतात तर आज एवढं लागलं नसतं.

भाभी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, इंजिन चाललं हे ऐकून ते सुखानं गेले. शुक्रवारी इंजिन घेऊन तुमच्या ओट्यावर येतो. आधी त्यांना खरं सांगेन, मग चाक फिरवीन. त्यांनी दार लावून घेतलं, तरी दाराबाहेर उभं राहून सांगेन.

तुमचाच,
मास्तर