एकशे सहावर न थांबलेला पाक

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. (खरं तर सात अंगांनीच. आठवं अंग, म्हणजे उजवा हात, पट्टीत आहे. हे अक्षर डाव्या हाताचं, तेव्हा त्याच्या वळणाला हसू नये.) तुमची कंबर कशी आहे? काकू अजून तुमच्या कंबरदुखीला नाटकच म्हणतात का?

तुम्ही शब्द टाकून मला गोळ्यांच्या कारखान्यात चिकटवलंत. मालकांना मी शिकलेला वाटावा म्हणून तुम्हीच शिकवलेलं सूत्र मी त्यांच्यापुढे मांडलं : पाण्यात साखर जितकी जास्त, तितका पाक शंभर अंशांच्या वर जाऊन उकळतो. म्हटलं, आधी साखरेचे मोल काढू. मालक म्हणाले, मोल काय काढायचंय, भाव मला तोंडपाठ आहे. (मी रेणूंच्या मोजमापाचं बोलत होतो. इथेच थांबायला हवं होतं.) पाण्याच्या चौपट साखर धरून मी उत्तर काढलं, एकशे सहा. वर छाती फुगवून सांगितलं, की उकळतं पाणी जसं शंभरावर थांबतं तसा हा पाक एकशे सहावर थांबेल, राखण करत बसायची गरज नाही. त्यांना हे इतकं पटलं की ते अख्खा कारखाना घेऊन चहाला गेले.

आता उकळताना पाणी उडून जातं, साखर काही कुठे जात नाही, आणि पाक दाट होत होत तापमान चढतच राहतं, हे मला दुसऱ्या कपाच्या वेळी सुचलं. परत येतो तो धूर, कढईत डांबर आणि त्यात ढवळायचा दांडा ताठ उभा. तो उपटायला गेलो आणि हात भाजून घेतला. वाटलं, नोकरी गेली. पण मालकांनी एकशे सहाच्या पार वर गेलेला थर्मामीटरच खोटा ठरवून कचऱ्यात टाकला, माझी पाठ थोपटली आणि मला शास्त्रज्ञ म्हणू लागले. आता खरं सांगायला तोंड उघडत नाही. लाज वाटते, काका, पण पगारही वाढलाय.

बाकी सगळं ठीक. काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता. क. : मालकांना एक पत्र टाका ना. ते सूत्र पातळ पाकापुरतंच चालतं, दाट पाकाशेजारी माणूस लागतोच, आणि हे मला सांगायचं तुम्ही विसरलात, असं लिहा. (तुम्ही सांगितलं होतं, मला माहीत आहे.)

आणखी एक ता. क. : जरा घाई करा. सोमवारी दसपट मोठी कढई चढणार आहे. उद्घाटन तुमच्याच हस्ते व्हावं अशी मालकांची इच्छा, आणि मी तुमच्या वतीने हो म्हणून बसलोय. कढईला लागून एकच खुर्ची मांडलीय, तुमची. आम्ही सगळे चहाला जाणार आहोत.