बिनधडाच्या लेकीची ओटी

कारभारी, तुमच्या राहीचा दंडवत.

पयल्यांदा सांगत आली ती बयाबाई, डोईवरची घागरसुद्धा न उतरवता. "राहे, देवळामागं नाटकाचा तंबू आलाय, आन् त्यात तुजी अंजना हाय!"

पलटणीत जाताना तुमी बजावलं व्हतं, नाटकवाल्याशी लगीन केलेली पोर उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाई. पण तंबूला कुटं उंबरा असतोय? ओटीचं सामान घेऊन मीच गेले.

नाटक म्हंजी जुन्या जत्रेतले खेळच हायेत. दाराशी आपली नात वरडत व्हती, "या, बिनधडाची बाई बघा!" एवढीशी हाय, पण गळा थेट तुमचा! आत टेबलावर परातीत नुसतं अंजनाचं मुंडकं, डोळं मिचकावतंय. खाली आरसं लावून धड झाकत्यात, हे मला ठावं हाय. पुढं जाऊन मी कुंकू लावलं. नारळ हातात घेतला, पण मुंडक्याला पदर कुठला?

मागनं आपल्या गल्लीतली रंगुबाई म्हणाली, "आता ओटी काय परातीत भरतीस व्हय गं?"

तवा आरसा सरकला आन् टेबलाखालनं दोन हात पदर पसरून भायेर आलं. समदा तंबू हसून लोळला. जावयानं कपाळाला हात लावला. मुंडकं मातुर रडत रडत हसत व्हतं, "आये, भर लवकर, खेळ मोडला माजा!"

हे पत्र तुमाला धाडायचं धाडस न्हाई. तुमी रागावणार, लढाईवरच्या माणसाला ताप कशाला? पण लेक म्हणालीया, नागपंचमीच्या आदल्या दिवशी पोरीला घेऊन येते आन् घरातच उतरते. मी व्हय म्हणाले.

तुमची,
राही